दुखापतीच्या दारातून

आपल्या वऱ्हाडातली पोरं भारताच्या संघापर्यंत कशी पोहोचतात, हे पाहिलं तर एक गोष्ट खटकते. दार उघडतं ते बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाला तरी लागल्यावर.

अमरावतीचा जितेश शर्मा घ्या. जानेवारी 2023 मध्ये श्रीलंकेविरुद्धच्या पहिल्या टी-20 त संजू सॅमसनचा गुडघा दुखावला आणि जितेशला बोलावणं आलं. प्रत्यक्ष भारताकडून खेळायला मिळालं ते 3 ऑक्टोबर 2023 ला, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत, नेपाळविरुद्ध. मधले नऊ महिने तो यादीतलं नाव होता. पुढे मे 2025 मध्ये लखनऊत त्याने 33 चेंडूंत नाबाद 85 ठोकल्या, तेव्हा बंगळुरूचं कर्णधारपदही त्याच्याकडे होतं, कारण रजत पाटीदारच्या बोटाला लागलेलं. आणि त्याच वर्षी डिसेंबरात विश्वचषकाचे 15 जण जाहीर झाले, त्यात जितेश नाही.

अकोल्याचा आदित्य ठाकरे तर लोकांना माहीतही नाही. नाव शोधायला जा, वरळीचे आमदार समोर येतात! या पोराने रणजी पदार्पण केलं ते थेट अंतिम सामन्यात, इंदूरला, विदर्भाच्या पहिल्या विजेतेपदाच्या सामन्यात. त्यानंतर लगेच न्यूझीलंडमध्ये 19 वर्षांखालील विश्वचषकात ईशान पोरेल जखमी झाला आणि त्याची सोय म्हणून आदित्यला पाठवलं. ईशान बरा झाला, उपांत्य सामन्यात पाकिस्तानचे चार गडी 17 धावांत घेतले. 3 फेब्रुवारी 2018 ला भारत जिंकला, तेव्हा अंतिम अकरात आदित्य नव्हता. यात कोणाचा दोष नाही. पण ईशान बरा व्हावा असं सगळ्यांनाच वाटत असताना अकोल्यात त्याच्या घरच्यांनी नेमकी कसली दुआ मागायची?

मूळ गोम 15 या आकड्यात आहे. बर्फावरच्या हॉकीत एका वेळी सहा जण खेळतात, तरी ऑलिंपिकचा संघ 25 जणांचा असतो, कारण तिथे माणसं पडणार, आपटणार हे गृहीतच धरलेलं असतं. क्रिकेटमध्ये अकरा खेळतात, 2023 चा विश्वचषक 46 दिवस चालला, आणि संघ 15 चा. त्यात 19 ऑक्टोबरला गहुंज्यात हार्दिक पांड्याचा घोटा मुरगळला. त्याच्या जागी कोणाला घ्यायचं तर स्पर्धेच्या तांत्रिक समितीची मंजुरी लागते आणि काढलेल्याला सहजी परत येता येत नाही. म्हणून भारताने 4 नोव्हेंबरपर्यंत वाट पाहिली. तोवरचे तीन सामने 14 जणांतूनच निवड. संघ लहान ठेवला की अर्धवट बऱ्या झालेल्याला मैदानात ढकलण्याचा मोह होतोच. मंडळांकडे पैसा नाही असं तर कोणी म्हणणार नाही. 20 जण न्या की!

हार्दिक बाहेर गेला म्हणून मोहम्मद शमी आत आला. पहिले चार सामने तो बाकावर होता. नंतरच्या सात सामन्यांत 24 बळी, त्यातले सात एकट्या वानखेडेवरच्या उपांत्य सामन्यात. पण घोट्याचं दुखणं घेऊन तो ते सामने खेळला. फेब्रुवारी 2024 मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि भारताकडून पुन्हा खेळायला त्याला जानेवारी 2025 उजाडला. त्याच्या घोट्यावर किती चर्चा झाली? चर्चा झाली ती मार्च 2025 मध्ये, दुबईत रमजानच्या महिन्यात मैदानावर तो काहीतरी प्यायला म्हणून. बरेलीच्या एका मौलानांनी त्याला गुन्हेगार ठरवलं. आजारी आणि मुसाफिर माणसाला रोजा नंतर पूर्ण करण्याची मुभा कुरआननेच दिली आहे, हे मोहल्ल्यातल्या दहा वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. शमी घरापासून हजार मैलांहून दूर होता आणि शस्त्रक्रिया झालेल्या पायावर धावत होता. 2021 मध्ये पाकिस्तानकडून हरल्यावर दुसऱ्या बाजूच्यांनी त्याच्या धर्मावरून शिव्या दिल्या होत्या. दोन्ही वेळा त्याच्या शरीराकडे कोणी पाहिलं नाही.

धर्माने शरीराला दिलेली सवलत खेळ मात्र देत नाही. जुलै 2025 मध्ये मँचेस्टरला ऋषभ पंत पायाचं हाड मोडलेलं असताना लंगडत फलंदाजीला आला. वर्तमानपत्रांनी पानं भरून कौतुक केलं. पंत शूर आहे, यात वाद नाही. पण कसोटीत डोक्याला मार लागून भोवळ आली तर 2019 पासून बदली खेळाडू मिळतो आणि पाय मोडला तर नाही, या नियमाचं कौतुक कसं करायचं? बीसीसीआयने 2025-26 पासून देशांतर्गत बहुदिवसीय सामन्यांत बाहेरून मार लागलेल्या गंभीर जखमीला बदली देण्याची सोय केली, ती चांगली झाली. स्नायू फाटलेला गोलंदाज त्यात येत नाही.

याचा परिणाम आपल्या गल्लीत दिसतो. अकोट फैलात असो की वलगाव रोडवर, नाईट टूर्नामेंटचा बॅनर बघा. प्रमुख पाहुणे, आयोजक, सौजन्य, सगळ्यांचे फोटो. खेळाडूचा एकही नाही. मैदानावर साउंड सिस्टिम असते, लाइट असतात, बर्फाची लादी असते ती शरबतासाठी. पोराचा खांदा निखळला की दोघेजण मोटारसायकलवर मध्ये बसवून त्याला घेऊन जातात, आणि सकाळी तो हमालीला किंवा गॅरेजला जाऊ शकत नाही. त्याची रोजी कोणी देत नाही. बक्षिसाच्या रकमेतून काही हजार आधीच बाजूला काढले, दवाखान्याचा आणि बुडालेल्या रोजीचा खर्च त्यातून दिला आणि बॅनरवर पाहुण्यांच्या खाली तेवढं छापलं, तर एखादा फोटो कमी करावा लागेल इतकंच. येत्या रमजानच्या सामन्यांसाठी वर्गणी मागायला येतील, त्यांना मी हेच विचारणार आहे.