विश्लेषण : पद्मिनी पन्नाशीत, पण डायनमो तिचाच आहे का?

'प्रीमियर पद्मिनी' हे नाव १९७४ मध्ये आलं. म्हणजे पहिल्या खेपेतल्या खासगी गाड्यांनी आता पन्नाशी ओलांडली आहे आणि केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार त्या 'व्हिंटेज' ठरू शकतात. ठाण्यातल्या नौपाड्यासारख्या जुन्या वस्तीत इमारत पुनर्विकासाला निघाली, की आवारात कव्हरखाली असलेली गाडी भंगारात द्यायची की पुन्हा उभी करायची, हे ठरवावंच लागतं. पत्रा आणि इंजिनाचा हिशेब गॅरेजवाले सांगतात. गाडं अडतं ते वायरिंगपाशी.

नियम काय म्हणतो?

पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली हवीत. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षं. आधीच नोंदणी असेल तर जुना नंबर कायम राहतो, पण गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. विजेच्या भागांचा या व्याख्येत नावाने उल्लेख नाही. जाणकार खरेदीदाराची नजर मात्र आधी तिथेच जाते.

अस्सल भाग कसा ओळखायचा?

आधी कंपनीचं नाव वाचा. 'लुकास-टीव्हीएस' ही मद्रासची कंपनी १९६१ मध्ये सुरू झाली. त्यामुळे १९५८ च्या अॅम्बेसेडरमध्ये तिचा स्टार्टर दिसला, तर तो नंतर बसवलेला, हे उघड आहे. मग ठसा शोधा. लुकासच्या अनेक जुन्या भागांवर मॉडेल क्रमांकाबरोबर महिना किंवा आठवडा आणि वर्ष कोरलेलं असतं. ही तारीख गाडीच्या निर्मितीच्या थोडी आधीची हवी. नंतरची असेल तर भाग बदललेला आहे. (ग्रीस खरवडायला वायर ब्रश वापरू नका, ठसाही जाईल.)

ब्रिटिश वळणाच्या गाड्यांत वायरींचे रंगही बोलतात. तपकिरी थेट बॅटरीची, पांढरी इग्निशनची, निळी हेडलाइटची, काळी अर्थची. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असायचं. हे न पाहता बॅटरी उलटी जोडली गेली आणि आत अल्टरनेटर असेल, तर त्याचे डायोड जळू शकतात.

वायर मात्र जुनी ठेवण्याचा हट्ट नको. तडकलेलं इन्सुलेशन म्हणजे आगीला आमंत्रण. त्याच रंगांची नवी वायर घालावी. डायनमोचं वेगळं आहे: त्याचे कार्बन ब्रश बदलता येतात, आर्मेचर पुन्हा गुंडाळून मिळतं. त्यामुळे 'हा गेला, अल्टरनेटर टाका' असं कुणी म्हटलं, तरी काढलेला डायनमो मेकॅनिककडे न सोडता घरी आणावा.