०.९९ चा माज

परवा पुतणी आमच्या राजारामपुरीच्या घरी एम.फार्म.चा आलेख घेऊन आली. "काका, आर-स्क्वेअर ०.९९! मॉडेल बसलं." म्हटलं, बस, चहा घे, आणि आता उरलेले फरक दाखव. म्हणजे मोजलेल्या परिणामातून वक्राने सांगितलेला वजा करायचा. ते तिने काढलेच नव्हते! काढले, तर लहान मात्रांना सगळे उणे, मधल्यांना अधिक, मोठ्यांना पुन्हा उणे. हा योगायोग नव्हे, वक्राचा आकारच चुकलाय.

मंडळी, मात्रा वाढली की परिणाम बहुधा वाढतोच. मग कुठलाही चढता वक्र आडव्या रेषेपेक्षा बराच ठरणार, आणि आर-स्क्वेअर तुलना करतो ती त्या आडव्या रेषेशीच. स्पीस आणि न्यूमायर यांनी २०१० मध्येच दाखवलं की अशा वक्रांमधून योग्य मॉडेल निवडायला हा आकडा कुचकामी आहे. तरी प्रबंधांत तो मिरवतोच.

"एवढ्यानं काय बिघडतं?" म्हणे. अगं, सर्पदंशावरच्या इंजेक्शनच्या बाटलीवर लिहिलेलं असतं, १ मिलिलिटरला नागाचं ०.६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ होतं. अशी ताकद ठरवताना उंदरांना वेगवेगळ्या मात्रा देतात आणि निम्मे वाचतील ती मात्रा बहुधा वक्रावरूनच काढतात. वक्र चुकला की आकडा चुकला. उसात साप चावलेल्या माणसानं तो कुठं तपासायचा?

असो. पुतणी थोडी रुसली. पण दुसरं मॉडेल बसवून बघणार आहे, आणि या खेपेला आधी फरकांचा आलेख!