धूर कोणाचा, दंड कोणाला?



कापूस भरलेली जुनी डिझेल पिकअप यवतमाळकडे निघाली, की आधी पीयूसी मागतात. ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने उघडाच अडकला, तर गाडी काळे ओकणारच. तो बदलायचा की वेचणीची मजुरी द्यायची? २०१९ चा दुरुस्त कायदा म्हणतो, दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैदसुद्धा!

आणि फोक्सवॅगन? चाचणी ओळखून फसवणारे सॉफ्टवेअर जगभर सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत असल्याचे या कंपनीने २०१५ साली कबूल केले. हरित लवादाने २०१९ मध्ये ५०० कोटींचा दंड ठोकला. सक्तीची कारवाई सर्वोच्च न्यायालयाने थांबवली. गंमत अशी, की पीयूसीचे यंत्र डिझेलचा फक्त काळा धूर मोजते. त्यांनी लपवलेले नायट्रोजनचे वायू त्याला दिसतच नाहीत.

धूर आपल्याच लेकरांच्या छातीत जातो, तो नकोच. पण दंडाआधी दुरुस्तीला हंगामभर मुदत हवी. बैठकीला दंडाच्या पावत्या घेऊन या.