धरण भरते, चारी कोरडी राहते

आपल्याकडे धरण भरले की त्याची बातमी होते. चारीच्या टोकावरील शेवटच्या शेतात पाणी पोचले, ही बातमी मी आजवर कोणत्याही वृत्तपत्रात वाचलेली नाही. जलव्यवस्थापनाचा मूळ दोष मला येथेच दिसतो. पाणी अडवणे हे स्थापत्याचे काम आहे, पाणी वाटणे हे शासनाचे. पहिल्या कामासाठी आपण अभियंते, निविदा आणि सुधारित अंदाजपत्रके यांची मोठी यंत्रणा उभी केली. दुसऱ्या कामासाठी मात्र एखादा कालवा निरीक्षक, त्याची वही आणि रिकाम्या पदांची यादी एवढेच शिल्लक ठेवले.

हे विचार म्हैसूरच्या गोकुलममध्ये बसून मांडतो आहे, त्याला कारण आहे. या वसाहतीजवळून जाणारा हमरस्ता थेट कृष्णराजसागर धरणाकडे जातो, आणि शहराच्या नळांना होंगळ्ळी व बेळगोळ येथून उपसलेले कावेरीचे पाणी येते. धरणाची पातळी १२४.८० फुटांवर पोचली की मुख्यमंत्री नदीला 'बागिन' अर्पण करतात. आपल्याकडे सुवासिनी सुपातून वाण देतात, तसाच हा उपचार. ३० जून २०२५ रोजी तो जूनमध्येच पार पडला, कारण धरण त्या वर्षी लवकर भरले होते. त्याआधी २०२३ मध्ये पावसाने ओढ दिली होती. तेव्हा तमिळनाडूला पाणी सोडण्याच्या आदेशावरून २६ सप्टेंबरला बंगळूर बंद झाले आणि २९ तारखेला कर्नाटक. भरले तर पूजा आणि न भरले तर बंद, या दोन टोकांमध्ये जे रोजचे काम असते त्याचे नाव प्रशासन. त्या कामाकडे ना भाविकाचे लक्ष असते, ना आंदोलकाचे.

ज्या अभियंत्याच्या कामाशी हे धरण जोडले जाते, त्याला हा भेद पक्का ठाऊक होता. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यात झाले. १८८४ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले आणि नाशिक, खानदेश, पुणे येथे त्यांनी उमेदीची वर्षे घालवली. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे सर्वांना माहीत आहेत. त्यांचे दुसरे काम मात्र फारसे कोणी सांगत नाही. नीरा कालव्यावर बडे ऊसवाले पाणी ओढून घेत, खालची गावे कोरडी राहत आणि वरच्या जमिनी पाणथळ होत. यावर त्यांनी ब्लॉक पद्धत सुचवली: प्रत्येक गावात भिजणाऱ्या क्षेत्राचे गट आखावेत, त्यांत ऊस आणि हंगामी पिके पाळीपाळीने घ्यावीत, म्हणजे तेच पाणी अधिक गावांना पुरेल. पुढे १९०९ मध्ये ते म्हैसूर संस्थानाचे मुख्य अभियंता झाले आणि १९११ मध्ये कृष्णराजसागराचे काम सुरू झाले. मंड्याकडे जाणाऱ्या कालव्यावरही पाळीपाळीच्या पिकांचीच कल्पना होती. आज त्या कालव्याला त्यांचे नाव आहे, पण त्याच्या शेपटाकडील मद्दूर आणि मळवळ्ळी तालुक्यांत पाणी न पोचल्याची तक्रार कायम असते. आपण त्यांचे पुतळे उभारले आणि त्यांची पद्धत गुंडाळून ठेवली.

महाराष्ट्राने तर याबाबतीत कळस केला. २०११-१२ च्या राज्याच्या आर्थिक पाहणीतून असे दिसले की दशकभरात सिंचनाची टक्केवारी अवघी ०.१ ने वाढली. त्या काळात सुमारे ७० हजार कोटी रुपये खर्च झाल्याचा आरोप झाला, २०१२ च्या नोव्हेंबरात श्वेतपत्रिका निघाली आणि चौकशी समितीही बसली. सारी चर्चा भ्रष्टाचारावर झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. परंतु एक प्रश्न मागे पडला. एकाच राज्याच्या सिंचित क्षेत्राचे दोन खात्यांचे आकडे एकमेकांशी जुळत का नाहीत? माझे उत्तर असे की पाणी मोजण्याची सक्ती कोणावरच नाही. आपण भिजलेले क्षेत्र नोंदतो, तेही नमुना नंबर ७ वर आलेल्या अर्जांच्या आधारे. जो अर्जच करत नाही आणि रात्री मोटार टाकून कालव्यातून पाणी उचलतो, तो शासनाच्या लेखी अस्तित्वातच नसतो.

कायदे नव्हते असेही नाही. महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम १९७६ चा आहे, पण त्याखालचे नियम चार दशकांनंतरही झालेले नव्हते. कारभार चालला तो १९३४ च्या मुंबई कालवा नियमांवर. इंग्रजांना घालवल्याचा अभिमान बाळगणाऱ्या राज्याने पाटाचे पाणी मात्र इंग्रजांच्याच नियमांनी वाटावे, याची आम्हा नोकरशाहीतील मंडळींना लाज वाटायला हवी. नियम न करण्यात एक सोय असते: कोणालाही जाब द्यावा लागत नाही. मग कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ज्याचा आवाज मोठा, त्याचे आवर्तन आधी. कृषी मूल्य आयोगाने दाखवून दिले आहे की महाराष्ट्रात पिकाखालील क्षेत्राच्या चार टक्क्यांहून कमी जागेवरचा ऊस सिंचनाचे जवळजवळ ७० टक्के पाणी घेतो. यात निसर्गाचा काहीही दोष नाही.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे शेजारी राज्य. कर्नाटकात तमिळनाडूकडे बोट दाखवतात, सांगली-कोल्हापुरात अलमट्टीकडे. आंतरराज्य वाद खोटे आहेत असे मी म्हणत नाही. हक्काचे पाणी मागितलेच पाहिजे. पण प्रमाण पाहावे. कावेरीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०१८ रोजी कर्नाटकाचा वाटा १४.७५ टीएमसीने वाढवला. त्यामागे अनेक दशकांची न्यायालयीन लढाई होती. दुसरीकडे, राष्ट्रीय एकात्मिक जलसंपदा विकास आयोगाने १९९९ मध्येच नमूद केले होते की आपल्या कालव्यांची सिंचनक्षमता अवघी ३५ ते ४० टक्के आहे. झिरपलेले काही पाणी विहिरींना मिळते हे मान्य केले, तरी उरलेल्या पाण्यासाठी कोणीही वकील उभा केला नाही. शेजाऱ्याशी भांडणे सोपे असते, कारण त्यात आपल्या मतदाराला दुखवावे लागत नाही. चारीवरील मोटार बंद करायची तर ती आपल्याच माणसाची निघते.

दुसरा आक्षेप असा घेतला जातो की शेतकऱ्याला मोजून पाणी देणे व्यवहारात शक्य नाही. त्यांनी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्याचा वाघाड प्रकल्प पाहावा. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने, बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या प्रयत्नांतून, तेथे नव्वदीच्या आरंभी पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. त्याही जेथे पाणी पोचत नव्हते अशा शेपटाकडील भागात आधी. संस्था घनमापनाने पाणी घेतात, सभासदांत वाटतात, पट्टी वसूल करतात. पुढे सर्व संस्थांचा महासंघ झाला आणि प्रकल्पाचे व्यवस्थापनच शेतकऱ्यांच्या हाती आले. याच अनुभवाला बळ देणारा, शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा राज्याने २००५ मध्ये केला. तो सरसकट अमलात का आला नाही, याचे उत्तर शेतकऱ्याच्या अडाणीपणात शोधू नये. मोजून दिलेल्या पाण्यात मेहेरबानीला जागा उरत नाही, हे खरे कारण आहे.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात तीन कलमांत मांडतो. धरणाची पातळी जशी रोज प्रसिद्ध होते, तसा प्रत्येक वितरिकेच्या मुखाशी आणि शेपटाशी मोजलेला प्रवाहही रोज जाहीर व्हावा. आवर्तन पूर्ण झाल्याचा दाखला अभियंत्याने एकट्याने न देता शेवटच्या चारीवरील पाणी वापर संस्थेच्या सहीने द्यावा. आणि जुन्या कालव्याची मोजयंत्रणा व दुरुस्ती पूर्ण झाल्याखेरीज त्या खोऱ्यात नव्या धरणाला प्रशासकीय मान्यता देऊ नये. यांतील एकाही कलमाला परदेशी तंत्रज्ञान लागत नाही. लागतो तो थोडा वाईटपणा घेण्याची तयारी असलेला अधिकारी आणि त्याची बदली न करणारा मंत्री.

घरापासून दूर राहणाऱ्या मराठी वाचकांना एक विनंती आहे. आपल्यापैकी अनेकांचे नाव गावाकडच्या सातबारावर अजून आहे आणि ती जमीन बहुधा कुठल्या ना कुठल्या कालव्याच्या लाभक्षेत्रात मोडते. दिवाळीला गावी जाल तेव्हा धरण किती टक्के भरले हे विचारू नका; ते फोनवरही कळते. पाटबंधारे शाखेत जाऊन विचारा की गेल्या आवर्तनात आपल्या चारीच्या शेपटाला किती पाणी मिळाले आणि ते कोणी मोजले. उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. एका गावातून एक अर्ज गेला तर तो फायलीत पडून राहील. शंभर गावांतून शंभर गेले, तर कोणाला तरी मोजपट्टी घेऊन चारीवर उतरावेच लागेल.