डोंगराच्या अंगाला व्हा!

मराठी कानावर पडलं की मी थांबतो. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत जडलेली खोड आहे ही. पठाणकोटच्या फलाटावर, तेजपूरच्या बाजारात, जोधपूरच्या कँटीनच्या रांगेत कुणी "अरे चल ना लवकर" म्हटलं तरी मी वळून बघतो आणि विचारतो, "गाव कुठलं?" गेल्या जुलैत मात्र पहिल्यांदाच असं झालं की मराठी ऐकलं आणि मी मान खाली घातली.

सध्या पोस्टिंग जोशीमठला आहे. मुलीच्या शाळेला कशीबशी आठ दिवसांची दांडी मारून बायको आणि ती आली होती. फुलांची घाटी बघायचीच असा लेकीचा हट्ट, म्हणून चार दिवसांची सुट्टी टाकली आणि निघालो. गोविंदघाटहून पुलन्यापर्यंत जीप जाते. तिथून घांघरिया नऊ-दहा किलोमीटर, सगळा चढ. वाट दगडांनी बांधलेली आहे. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला खाली लक्ष्मणगंगा.

ही वाट कुणाची, हे आधी सांगतो, कारण सगळं भांडण तिथूनच सुरू होतं. हेमकुंड साहिबला जाणारे यात्रेकरू या वाटेनं जातात, त्यात सत्तरीच्या आज्या असतात, अनवाणी चालणारेही असतात. कंडीत माणूस बसवून पाठीवर वाहणारे नेपाळी गडी जातात. भ्यूंडारची माणसं आपल्या घरी जातात. आणि खच्चरं जातात. मराठीत खेचर म्हणतात हे मला माहीत आहे, पण फौजेत खच्चरच म्हणतात आणि माझ्या तोंडी तेच बसलंय. घांघरियाला रस्ता नाही. तिथं जे शिजतं, जे जळतं, जे अंगावर घेऊन तुम्ही झोपता, ते सगळं कुणाच्या तरी पाठीवरून गेलेलं असतं. तुमची मॅगीसुद्धा.

तर आम्ही चढत होतो. मागून घुंगरांचा आवाज आला. सहा खच्चरांची ओळ, गॅसचे सिलेंडर लादलेले. शेवटी एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा ओरडत होता, "साइड, साइड! पहाड़ की तरफ!" आम्ही तिघं डोंगराला पाठ लावून उभे राहिलो. खच्चरं आमच्यापुढे गेली. वीस पावलांवर वरून येणारा एक घोळका थांबला होता. बारा-चौदा जण, सगळ्यांचे टी-शर्ट एका रंगाचे, एकाच्या सॅकला भगवा ध्वज, दुसऱ्याच्या सॅकला लटकवलेला स्पीकर. फोटो चालला होता. मागे दरी आणि धबधबा यायला हवा, म्हणून सगळे दरीच्या काठावर. पोरगा घसा फोडून ओरडत होता. त्यांच्यातला एक जण म्हणाला, "थांब रे, जातील ती." स्पीकर चालूच.

पहिली दोन खच्चरं गेली. तेवढ्यात पावसाचा शिपका आला आणि कुणीतरी फट्‌कन छत्री उघडली. तिसरं खच्चर बिचकून पुढे झेपावलं. पाठीवरचा सिलेंडर काठावरच्या एका मुलाला लागला. तोल जाताना त्यानं हाताला आली ती लादीची दोरी धरली. जनावराचे मागचे पाय ओल्या दगडावरून सुटले. खच्चरवाला पोरगा तोवर धावत पुढे आला होता. त्याच्यासमोर दोन गोष्टी होत्या, खच्चराचा लगाम आणि त्या मुलाच्या सॅकचा पट्टा. त्यानं पट्टा धरला.

मुलगा वाचला, कोपर खरचटण्यापलीकडे काही नाही. खच्चर वीस-पंचवीस फूट खाली जाऊन खडकावर आपटलं. पुढचा पाय मोडला होता. पोरगा खाली उतरला आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला. ते पुन्हा उठलं नाही.

घोळक्याचा म्होरक्या मला म्हणाला, म्हणजे मी मराठी आहे हे कळल्यावर म्हणाला, "काका, आमची काही चूक नाही हो. वाटच अरुंद आहे." त्यांनी आपसांत वर्गणी काढून दोन हजार रुपये पोराच्या भावाला दिले. त्यांना ऋषिकेशची गाडी गाठायची होती. त्या खच्चराच्या कर्जाचे हप्ते अजून वर्षभर बाकी होते, हे मला नंतर कळलं. ते गेल्यावर लेकीनं विचारलं, "बाबा, ते आपल्याकडचेच होते ना?"

मी काय उत्तर देणार? म्हणून हा लेख.

वाट अरुंद होती, हे खरं. अरुंद वाटेवर कुठं उभं राहायचं हे माहीत नसणं, ही मात्र चूकच आहे. ओझ्याचं जनावर आलं की डोंगराच्या अंगाला व्हायचं, दरीच्या अंगाला कधीही नाही. कारण साधं आहे. लादीमुळे खच्चराची रुंदी दुप्पट झालेली असते, ही गोष्ट त्याला पुरती कळत नाही आणि धक्का लागला तर तुम्ही डोंगराला टेकाल, दरीत जाणार नाही. उभं राहायचं म्हणजे शांत उभं राहायचं. छत्री मिटलेली, पोंचो फडफडत नाही असा आवळलेला, गाणं बंद. हात लावायला जायचं नाही, मागून टाळ्या वाजवून हाकायचं नाही. हे शिकायला अर्धा मिनिट लागतं. गाठी मारायला शिकवणारे, रॅपलिंगची प्रमाणपत्रं वाटणारे आमचे ट्रेक लीडर हा अर्धा मिनिट कुठं घालवतात?

"सह्याद्रीत खेचरं नसतात, म्हणून मुलांना ठाऊक नव्हतं," असं मला एका पुण्याच्या मित्रानं ऐकवलं. सह्याद्रीत खेचरं नसतील, पण डोक्यावर मोळी घेतलेली बाई असते. दोन हंडे घेऊन चढणारी पोर असते. पायथ्याच्या वाडीतून गडावर पिठलं-भाकरीचं सामान नेणारा म्हातारा असतो. शनिवारी रात्री कळसूबाईच्या शिड्यांखाली लागणारी रांग मी पाहिली आहे. त्या रांगेत मोळीवाल्या बाईला कितीजण वाट देतात? सवय घरीच मोडलेली आहे, हिमालयात ती फक्त महाग पडते.

आता मी काही आभाळातून पडलो नाही. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी कुमाऊंत असताना नागमोडी वाट सोडून मी सरळ उतारावरून उड्या मारत खाली येत होतो. अंगात मस्ती, दुसरं काही नाही. माझ्या पायाखालचा नारळाएवढा दगड सुटला आणि खालच्या वळणावर गवताचा भारा घेऊन चाललेल्या एका म्हातारीच्या पिंढरीवर बसला. हाड वाचलं. आमच्या उस्तादांनी मला शिवी दिली नाही. त्यांनी तो भारा माझ्या डोक्यावर दिला आणि म्हातारीच्या मागोमाग तिच्या घरापर्यंत पाठवलं. तीन किलोमीटर चढ. घरी तिनं मला ताक दिलं, ते घशाखाली उतरेना. परत आल्यावर उस्ताद एवढंच म्हणाले, "रास्ता पहले बोझ का, फिर चढ़नेवाले का, फिर तेरा."

तेव्हापासून वळण कापणाऱ्याचा मला राग येतो. लोकांना वाटतं, दोन मिनिटं वाचली. पण दहा माणसांनी वळण कापलं की तिथं घसरण तयार होते, पावसाळ्यात त्यातून पाणी धावतं आणि ते पाणी खालची बांधलेली वाट घेऊन जातं. ती पुन्हा बांधणारे हात तुमचे नसतात. मी इंजिनिअर्सचा माणूस आहे. हेमकुंडच्या वाटेवरचं बर्फ दरवर्षी यात्रेआधी फौजेची तुकडी कापते. एका वर्षी अटलाकोटीच्या त्या पार्टीत मीही होतो. फावड्यानं बर्फ काढत काढत एक माणूस जाईल एवढी फट करायची, मग ती रुंद करायची. श्वास पुरत नाही, हातमोज्यातली बोटं आपली वाटत नाहीत. अशी एक-एक वावभर केलेली वाट कुणी रील काढायला अडवून धरलेली बघितली की माझ्या डोक्यात काय होतं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "आम्ही पैसे देतो, आमच्यामुळेच यांच्या चुली पेटतात." चूल पेटते, कबूल. पण ढाब्यावर जेवायला गेलात म्हणून आचाऱ्याच्या तव्यापुढे उभं राहायचा हक्क मिळतो का? तुम्ही तिथं सुट्टीवर आहात आणि तो कामावर. तुम्ही दोन मिनिटं थांबलात तर एक फोटो कमी होतो. तो दोन मिनिटं जागच्या जागी थांबला तर लादी सरकते आणि जनावर अस्वस्थ होतं.

खच्चरवाल्यांना मी देव मानत नाही. जास्तीची लादी करतात, एका दिवसात दोन फेऱ्या मारतात, काहीजण घोषणा न देता मागून येऊन धडकतात. त्यांना दंड व्हावा, जनावराची तपासणी कडक व्हावी. पण त्यांच्या चुकांचा पाढा वाचणाऱ्याला मी आधी विचारतो, तू उभा कुठं होतास?

दुसरं म्हणजे, वागणूक वेगळी आणि सुरक्षितता वेगळी असं समजायची पद्धत पडली आहे. मला त्या एकच दिसतात. घांघरिया दहा हजार फुटांवर आहे. हेमकुंड चौदा हजारांच्या वर. मधलं अंतर सहा किलोमीटर. परवा मुंबईत असलेला माणूस आज तिथं धापा टाकत धावतो, कारण पॅकेजमध्ये तसं लिहिलंय. फौजेत आम्हाला नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस, बारा ते पंधरा हजारांत चार दिवस आणि त्याच्या वर आणखी चार दिवस शरीराला सवय करायला देतात, आणि आम्ही रोज पळणारी माणसं आहोत. यात्रेकरूला चौदा दिवस मिळणार नाहीत, हे समजतं. पण घांघरियाला एक दिवस जास्त काढणं, डोकं दुखायला लागलं की वर न जाणं, दुपारी अमुक वाजता जिथं असू तिथून मागे फिरणं, एवढं तर हातात आहे. हेमकुंडला रात्री मुक्काम करू देत नाहीत, त्यामागे कारण आहे. फुलांच्या घाटीतही मुक्काम नाही, संध्याकाळच्या आत बाहेर.

आमच्या शेजारच्या खोलीत नाशिकचे एक गृहस्थ होते. आदल्या रात्रीपासून डोकं ठणकत होतं, उलटी झाली होती. "इतके पैसे भरलेत" म्हणून सकाळी वर गेले. दुपारी चौघांनी मिळून खाली आणले, आळीपाळीनं कंडीत घालून. आदल्या दिवशी ज्यांना कुणी वाट देत नव्हतं, त्यांच्याच पाठीवरून. "माझा धोका, माझी मर्जी" असं डोंगरात नसतंच. जून २०२४ मध्ये सहस्रताल भागात हवामान फिरलं आणि बावीस जणांच्या तुकडीतले नऊ ट्रेकर गेले. गेलेल्यांना मी बोल लावणार नाही, ते वादळ कुणालाही गाठलं असतं. पण बाकीच्यांना आणायला कोण गेलं? गावची माणसं, एसडीआरएफची पोरं, हवाई दलाची हेलिकॉप्टरं. प्रत्येक ट्रेकमागे अशी काही माणसं उभी असतात. ती दिसत नाहीत, एवढंच.

घाटीत लेकीला जोन लेग यांची कबर दाखवली. १९३९ साली फुलं गोळा करायला आलेल्या या बाई तिथल्याच उतारावरून घसरून गेल्या. वनस्पतींच्या जाणकार, कामासाठी आलेल्या, तरी पाय सुटला. कबरीवर एकानं चिप्सचं रिकामं पाकीट दगडाखाली नीट दाबून ठेवलं होतं, उडू नये म्हणून! ते मी खिशात घातलं. काळजी घेतली होती बिचाऱ्यानं, फक्त चुकीच्या गोष्टीची.

मार्च २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं गोविंदघाट ते हेमकुंड रोपवेला मंजुरी दिली. तो झाला की गर्दी हवेतून जाईल आणि प्रश्न मिटेल, असं काहीजण म्हणतात. सिलेंडर, पीठ आणि पायी चालणारे कुठून जाणार, ते त्यांनी सांगावं.

चौथ्या दिवशी आम्ही उतरत होतो. पुलन्याच्या अलीकडे खालून तोच पोरगा वर येताना दिसला. या वेळी मागे घुंगरं नव्हती. पाठीवर कंडी होती आणि कंडीत एक जाडजूड बाई डोळे मिटून बसल्या होत्या. कपाळावरच्या पट्ट्यामुळे त्याला मान वर करता येत नव्हती. मी म्हटलं, "भुला, कैसा है?" तो तसाच खाली बघत म्हणाला, "ठीक हूँ, फौजी साब. साइड।"

माझ्याआधी लेक डोंगराच्या अंगाला झाली होती.