खापर समुद्राच्या माथी

ज्याचा उलगडा होत नाही ते अमानवी मानावे, ही मनुष्याची खोड फार जुनी आहे. मुळशीकडे डोहात कोणी बुडाले, की 'साती आसरांनी नेले' असे आजही कानांवर येते; आणि अटलांटिक महासागरात जहाज किंवा विमान नाहीसे झाले, की चांगले शिकलेले लोकही 'बर्म्युडा त्रिकोणा'चे नाव घेतात. दोहोंत फरक आहे तो केवळ पाण्याच्या विस्ताराचा. किंबहुना, आसरांची भीती पोराला डोहापासून दूर तरी ठेवते. त्रिकोणाची गोष्ट कोणालाच वाचवीत नाही.

या त्रिकोणाचे नाव रूढ झाले ते १९६४ साली व्हिन्सेंट गॅडिस या लेखकाने मासिकात लिहिलेल्या लेखामुळे. पुढे लॅरी कुश या अमेरिकन ग्रंथपालाने एकेक कथा घेऊन त्या त्या दिवसाची जुनी वृत्तपत्रे चाळली आणि १९७५ साली आपला निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडला. 'शांत समुद्रात' गडप झालेल्या कित्येक नौका वस्तुतः वादळात सापडल्या होत्या, आणि काही अपघात तर त्या त्रिकोणापासून कितीतरी दूर घडले होते! वृत्तपत्रांची जुनी बाडे उघडण्याचे कष्ट घेताच अर्धे गूढ विरून गेले.

परंतु अटलांटिकपर्यंत जाण्याचे कारण काय? नोव्हेंबर १८८८ मध्ये मांडवीहून मुंबईस निघालेली 'वैतरणा' ही आगबोट सातशेहून अधिक माणसांसह काठियावाडच्या किनाऱ्याजवळ नाहीशी झाली. तिचा मागमूस लागला नाही. 'वीजळी' या नावाने तिच्यावर गुजरातीत गीते झाली. चौकशी समितीला मात्र चेटूक आढळले नाही. आढळले ते हे की, बोट वादळास तोंड देण्याजोगी सज्ज नव्हती आणि तिच्यावर जीवरक्षक नावा व पट्टे अपुरे होते. गीत लोकांच्या ओठी राहिले, अहवाल विस्मरणात गेला.

तो विस्मरणात गेला नसता तर? १७ जुलै १९४७ रोजी, आषाढ अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट उधाणलेल्या समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक लोक बुडाले. बोटीवर बिनतारी संदेशाचे यंत्र नव्हते. मुंबईसारखे बंदर हाकेच्या अंतरावर असताना वार्ता तेथे पोहोचण्यास दुपार उलटली. ज्या नैर्ऋत्य वाऱ्याने मुळशीचे धरण भरते, त्याच वाऱ्याचे ते दिवस. तो दरवर्षी येतो, सांगून येतो. त्याला अकस्मात संकट म्हणणे ही आपली सोय आहे.

विमानांचीही कथा निराळी नाही. १ जानेवारी १९७८ रोजी 'सम्राट अशोक' हे एअर इंडियाचे विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. २१३ जण मृत्युमुखी पडले. प्रथम घातपाताची कुजबुज झाली. तपासात निष्पन्न झाले की, विमानाचा कल दाखविणारे एक उपकरण बिघडले होते आणि काळोख्या समुद्रावर क्षितिज दिसत नसल्याने वैमानिकाची दिशाभूल झाली. २२ जुलै २०१६ रोजी तांबरमहून पोर्ट ब्लेअरकडे निघालेले वायुदलाचे विमान २९ जणांसह बंगालच्या उपसागरावर बेपत्ता झाले. त्याचे अवशेष चेन्नईपासून सुमारे ३१० किलोमीटरवर, ३,४०० मीटर खोल तळाशी सापडल्याचे जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. साडेसात वर्षे लागली. पण अखेर तळ बोलला.

यावर कोणी म्हणेल, सर्वच प्रश्न कोठे सुटतात? खरे आहे. ८ मार्च २०१४ रोजी २३९ जणांसह हरवलेल्या मलेशियाच्या विमानाचा मुख्य सांगाडा पहिल्या दहा वर्षांत हाती लागला नाही. तथापि रियुनियन बेटावर वाहत आलेल्या त्याच्या पंखाच्या तुकड्याने ते हिंदी महासागरात पडले हे सिद्ध केले. उत्तर मिळाले नाही याचा अर्थ उत्तर नाहीच, असा होत नाही.

गूढाची आवड निरुपद्रवी आहे असे आम्ही मानीत नाही. खापर समुद्राच्या माथी फुटले, की बोटीच्या मालकाला कोणी जाब विचारीत नाही, परवाना देणाऱ्याला विचारीत नाही आणि मृताच्या वारसाच्या पदरी केवळ नशीब उरते. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली व १५ जणांचे प्राण गेले. तेव्हाही, बोटीत माणसे किती आणि लाइफ जॅकेट किती जणांच्या अंगावर, हाच प्रश्न पुढे आला. १८८८ चाच तो प्रश्न!

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. अशा प्रत्येक अपघाताचा चौकशी अहवाल सुबोध मराठीत छापून प्रत्येक धक्क्यावर विक्रीस ठेवावा, आणि मुळशीच्या जलाशयातील होडी असो की भाऊच्या धक्क्यावरील लाँच, तिच्या दाराशी माणसांची मर्यादा व जॅकेटांची संख्या ठळक अक्षरांत लिहावी. उतारूंनीही पाय टाकण्यापूर्वी ती मोजून घ्यावी. समुद्र काही लपवीत असेल तर तो पुढे शोधता येईल. माणसांनी लपविलेले मात्र आधी उघडे झाले पाहिजे.