स्वस्त कशामुळे?

‘घरच्या घरी, कमी खर्चात, फावल्या वेळात.’ भिंतीवर टांगायच्या शोभेच्या वस्तूंचं प्रशिक्षण जाहीर करणाऱ्या पत्रकात हे शब्द हटकून असतात. सामान ठरलेलं: पुठ्ठा, सुतळी, आइस्क्रीमच्या काड्या, फुटक्या बांगड्या, जुन्या लग्नपत्रिका आणि फेविकॉल. दोन-तीन दिवसांचा वर्ग, शेवटी प्रमाणपत्रं आणि एक फोटो. वस्तीत काम करणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकींनी असा वर्ग कधी ना कधी भरवला आहे. माझा या वर्गांना विरोध नाही. तिथं बायकांचे हात आणि तोंडं ज्या मोकळेपणानं चालतात, तशी आपल्या कायदेविषयक शिबिरांत क्वचितच चालतात. माझं भांडण आहे ते ‘कमी खर्चात’ या शब्दांशी.

एक साधी वस्तू घेऊ. किराणा दुकानातून आणलेल्या खोक्याचा फूटभर चौकोनी पुठ्ठा कापायचा. पावसाळ्यात तो वाकतो म्हणून दोन थर उलटसुलट चिकटवायचे आणि रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवायचे. गेरूत थोडं फेविकॉल आणि पाणी घालून एक हात द्यायचा, वाळला की दुसरा. मग पांढऱ्या पोस्टर कलरमध्ये उदबत्तीची काडी बुडवून चित्र काढायचं. कडेनं सुतळी चिकटवायची आणि मागं टांगायला दोरा लावायचा. वाळण्याचा वेळ सोडला तरी नवशिक्या बाईला यात सहा तास सहज जातात.

आता हिशेब मांडू. समजा, सामान ४० रुपयांचं आहे आणि वस्तू प्रदर्शनात १२० रुपयांना गेली. वर्गात आपण फळ्यावर लिहितो, ‘नफा ८० रुपये’, आणि बायका खूश होतात. पण ८० भागिले सहा म्हणजे तासाला जेमतेम १३ रुपये पडले. रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रात २०२४-२५ साली दिवसाची मजुरी २९७ रुपये होती. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला ३७. त्या दरानं याच चौकटीची किंमत २६० रुपयांच्या वर जाते, आणि त्यात चित्र काढण्याच्या कसबाचा वेगळा पैसा धरलेलाच नाही. म्हणजे ही वस्तू पुठ्ठा फुकट मिळाला म्हणून स्वस्त नसते. बाईचे सहा तास फुकट धरले म्हणून ती स्वस्त असते.

‘पण ती घरीच तर बसलेली असते ना,’ हे उत्तर मी पुरुषांकडून ऐकलं आहे आणि संस्थांच्या बैठकांमध्ये बायकांकडूनही. २०२४ सालच्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात आणि पुरुषांची ८८, असं आढळलं. तर हा ‘फावला’ वेळ येतो कुठून? तो झोपेतून येतो, नळाला पाणी यायच्या आधीच्या तासातून येतो. गेरूचा पहिला हात वाळेपर्यंत ती भाकऱ्या उरकते.

भिंतीवरच्या चित्राच्या बाबतीत हे नवीन नाही. आपल्या वर्गांत सर्रास काढली जाणारी वारली चित्रं मूळची कुणाची? डहाणू-तलासरीकडं लग्नाच्या वेळी घरातल्या भिंतीवर चौक लिहायच्या त्या सवाशिणी. कुडाची, शेणामातीनं आणि गेरूनं सारवलेली भिंत, पाण्यात कालवलेलं तांदळाचं पीठ आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. याहून स्वस्त सामान कुठलं असणार! (सवाशिणींनीच का, हा प्रश्न आपण विचारायलाच हवा, पण तो वेगळा लेख होईल.) लग्न झालं की चित्र हळूहळू पुसट होई. खाली कुणाचं नाव नसे.

१९७०च्या दशकात हे चित्र कागदावर आलं, शहरात गेलं, विकलं जाऊ लागलं. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांची प्रतिभा निर्विवाद होती. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली ती योग्यच होती. पण जिला पैसा आणि नाव आलं त्या कलेत दीर्घकाळ पुरुषच पुढं राहिले. भिंतीवर होतं तोवर ते बायकांचं काम होतं, कागदावर आल्यावर ती कला झाली. आता वारली स्त्रियाही आपल्या नावानं चित्रं काढतात, विकतात. तरी सुरुवात करणाऱ्या त्या आज्यांची नावं गेली ती गेलीच.

हे अटळ होतं असंही नाही. बिहारमधल्या मिथिलेतही भिंती रंगवायच्या त्या बायकाच. १९६६-६७च्या दुष्काळाच्या सुमारास हस्तकला मंडळानं भास्कर कुलकर्णी या चित्रकाराला तिथं पाठवलं आणि बायकांच्या हाती कागद गेला. जगदंबा देवींना १९७५ साली पद्मश्री मिळाली, पुढं सीता देवी आणि गंगा देवींनाही. वारली चित्रं बाहेर आणण्यातही याच कुलकर्णींचा वाटा होता. म्हणजे माणूस तोच, कागदही तसाच. पण एकीकडं बायकांची नावं जगापुढं आली आणि दुसरीकडं मागं पडली. त्यामुळं चित्राखाली नाव कुणाचं, हा प्रश्न मला किरकोळ वाटत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की, आपल्या वर्गात कात्री हातात देण्याआधी घड्याळ समोर ठेवावं. प्रत्येकीनं आपले तास पुठ्ठ्याच्या मागं पेन्सिलीनं लिहावेत. किंमत ठरवताना सामान, तास आणि कसब असे तीन आकडे मांडावेत. एवढं करून वस्तू त्या किमतीला विकली जाणार नसेल तर ‘हा रोजगार नाही’ असं बायकांना स्पष्ट सांगावं. वर्ग खुशाल चालू ठेवावा, पण अर्जात ‘उपजीविका’ असं लिहून निधी आणू नये. पाठीमागं बनवणारीचं नाव असावं. आणि वारली चित्र काढलं तर ते कुणाकडून आलं हे वर्गात सांगितलं जावं. २०१४ सालापासून त्या कलेला भौगोलिक मानांकन आहे, ते काही शोभेसाठी नाही.

रोजगार नसलेल्या गोष्टीला किंमत नाही असं मात्र मला अजिबात म्हणायचं नाही. आमच्या एका गटातली बाई भाड्याच्या खोलीत राहते. घरमालक खिळा ठोकू देत नाही. नवऱ्यानं भिंतीवर कॅलेंडर आणि त्याच्या पुढाऱ्याचा फोटो खिडकीच्या गजाला बांधून लटकवले आहेत. तिनं बांगड्यांच्या काचांचा मोर केला आणि प्रदर्शनात द्यायला साफ नकार दिला. तो तिनं चुलीसमोर, मसाल्याच्या फळीच्या कडेला बांधला. ‘इथं उभी मी राहते, तर बघायला मलाच नको का?’ असं तिनं आम्हाला विचारलं. तिच्या सहा तासांचा हिशेब मी मागणार नाही. ते तिचे होते आणि तिनं स्वतःवर खर्च केले. नवऱ्याच्या पत्त्यांच्या डावाचा हिशेब कोण मागतं?

राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. आठ मार्च जवळ आला की संस्था आणि संघटना पाहुण्यांना द्यायला गटांकडून हातानं केलेल्या चौकटी मागवतात. प्लास्टिकची ट्रॉफी नको, बायकांच्या हातचं काहीतरी हवं, हा विचार चांगलाच आहे. मग फोनवर घासाघीस सुरू होते: ‘पन्नास नग घेतोय, ऐंशीला द्या की, आपलाच कार्यक्रम आहे.’ मंडपवाल्याला असं कुणी म्हणत नाही. माइकवाल्यालाही नाही. श्रमाच्या मोलावर भाषण होणार त्याच व्यासपीठावर तासाला सात रुपये पडलेली चौकट पाहुणीच्या हातात दिली जाते, आणि तिच्या मागं संस्थेचा शिक्का असतो. येत्या आठ मार्चच्या अंदाजपत्रकात या चौकटींचा दर मंडपाच्या दराआधी ठरवा. पैसे कमी पडले तर पन्नासाऐवजी पंधराच घ्या, आणि मागं शिक्का मारण्याआधी करणारीला सही करू द्या.